समासातलं भांडण

सलग दुसऱ्या महिन्यात बँकेचं पाकीट आलं नाही, तेव्हा थोरल्यांनी पोस्टमनला फाटकात अडवून त्याची पिशवी पालथी करायला लावली. पोस्टमन नवा होता, पण या घराची कीर्ती ऐकून होता. त्यानं निमूट पिशवी रिकामी केली. विजेची बिलं, दोन मासिकं, कुणाच्या तरी घटस्फोटाची नोटीस. थोरल्यांनी पिशवीच्या शिवणी चाचपल्या, पोस्टमनच्या टोपीत डोकावून पाहिलं आणि त्याला सोडलं, ते अशा नजरेनं की बिचाऱ्यानं त्याच संध्याकाळी हद्द बदलून मागितली म्हणतात.

या घरात आधी पाकीट तपासलं जायचं आणि मग आतला कागद. वडिलांच्या कारखान्यानं एकेचाळीस वर्षं पाकिटं केली होती, त्यातली शेवटची वीस याच बँकेची, पत्ता दिसावा म्हणून पुढे पारदर्शक खिडकी असलेली. खळ शिजवायचे ते थोरले. कागद कापायचे ते धाकटे. आणि एकोणीस वर्षांपूर्वी तो चाळीस हजार पाकिटांचा प्रकार झाला. बँकेचा सगळा माल टपालात पडला आणि छाटणीच्या टेबलावर एकाच वेळी सगळी पाकिटं उघडली. अर्ध्या शहराची शिल्लक अर्ध्या शहराला कळली. तीन लग्नं मोडली, दोन जमली, आणि एका भिकाऱ्याच्या खात्यावर समोरच्या सराफापेक्षा जास्त रक्कम निघाल्यामुळे सराफच त्याच्याकडे उधार मागायला गेला. बँकेनं काम काढून घेतलं. धाकटे म्हणाले, खळ पातळ होती. थोरले म्हणाले, पाकिटाची दुमडून चिकटवायची जीभ अरुंद कापली होती, तिला खळ काय करणार. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलले नाहीत.

लिहीत मात्र होते.

थोरले खाली राहत, धाकटे वर. कारखान्याच्या जागेत आता लोक पैसे देऊन वजनं उचलत, आणि त्या व्यायामशाळेचं भाडं दोघे भाऊ आणि त्यांची मोठी बहीण आक्का, अशा तिघांच्या एकत्र खात्यात जमा होई. त्याचं स्टेटमेंट दर पाच तारखेला येई. थोरले घडी मारायच्या पट्टीनं पाकीट उघडत, परक्या कारखान्याच्या खळीला दोन शिव्या देत, प्रत्येक ओळीच्या डावीकडे तांबड्या पेन्सिलीनं खूण करत आणि समासात मजकूर घालत. 'गच्चीचं पाणी माझ्या भिंतीत उतरतंय.' मग थोरल्यांच्या सूनबाई तो कागद जिन्याच्या सातव्या पायरीवर ठेवून येत. पायऱ्या तेरा, त्यामुळे सातवी कुणाच्याच हद्दीत नव्हती. तिथून कागद वर जाई, उजवीकडे निळ्या खुणा होत, आणि उत्तर उतरे. 'पाणी पावसाचं आहे. पावसाला सांग.'

एकोणीस वर्षांचे सव्वादोनशेच्या वर कागद थोरल्यांच्या कपाटात रचलेले होते. या घरात जे काही ठरलं ते त्या कागदांच्या कडेला ठरलं. थोरल्या वहिनी गेल्या त्या महिन्याच्या कागदावर निळ्यानं एकच ओळ होती. 'खाली आलो होतो. तुझ्या दारात माणसं फार होती.' त्या ओळीवर थोरल्यांनी तांबडी खूण केली होती, हिशेबातल्या ओळीवर करावी तशीच.

आणि आता दोन महिने कागद नाही. थोरल्यांना कारण लगेच कळलं. मागच्या खेपेला त्यांनी समासात पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च मागितला होता. द्यायचा नाही म्हणून धाकट्यानं पोस्टमनला वळवला, पाकीट वरच्या वर गिळलं. संतापानं त्यांना दोन वेळा जेवण गेलं नाही आणि तिसऱ्या वेळेला दुप्पट गेलं. मग त्यांनी आक्काला फोन लावला आणि सांगितलं, त्या माणसाला विचार, कागद कुठे दडवलाय.

आक्का म्हणाली, "तो माणूस तुझा भाऊ आहे. आणि त्याच्या बायकोचा मला काल फोन आला होता, खालच्या माणसानं कागद दडवलाय म्हणून."

*

वर धाकटे गॅलरीत बसून जिन्याकडे कान लावत होते. कानच लावत होते, कारण डोळे आता कामाचे राहिले नव्हते. दीड वर्षापूर्वी नजरेच्या मधोमध एक राखाडी डाग बसला आणि पसरत गेला. जिथे बघायला जावं तिथेच काही नाही, आणि कडेकडेचं मात्र लख्ख. समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. चालायला, जिना उतरायला तेवढं पुरे, म्हणून खाली कुणाला पत्ता लागला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे आता मागे फिरायचं नाही.

लेकीनं ठरवलं होतं की आईबाबांना आपल्याकडे न्यायचं. गुरुवारी गाडी येणार होती. पेट्या भरून झाल्या होत्या. धाकट्यांची एकच अट होती, ती त्यांनी लेकीलाही सांगितली नव्हती: जायच्या आधी कागद येईल, त्यावर निळ्यानं लिहायचं, 'मी चाललो', आणि तांबड्यात काय उत्तर येतं ते बघायचं. नको जाऊस, असं थोरला लिहील या भ्रमात ते नव्हते. पण 'जा' एवढं तरी लिहिलंच असतं त्यानं, आणि कसं लिहिलंय त्यावरून पुढचं ठरवता आलं असतं. दोन महिने ते सातव्या पायरीवरच्या पावलांची वाट बघत होते. पावलं आली नाहीत. म्हणजे थोरल्याला कुणकुण लागली, आणि एका शब्दाला महाग करायचं म्हणून त्यानं कागदच थांबवला.

"तुम्ही खाली जाऊन का सांगत नाही?" काकू, म्हणजे त्यांची बायको, पेटीला दोरी आवळत म्हणाल्या.

"एकोणीस वर्षं गेलो नाही. आता डोळे गेल्यावर जाऊ? म्हणजे दया मागायला आलो असं होईल."

काकू गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं दुर्मीळ होतं, आणि त्याला कारण होतं. दीड वर्ष निळी पेन्सिल त्यांच्याच हातात होती. धाकटे सांगत, त्या लिहीत. धाकट्यांच्या अक्षराची नक्कल त्यांना इतकी साधली होती की एकदा बँकेनं त्यांची सही खरी धरून नवऱ्याची खोटी ठरवली. पण सांगितलेलं जसंच्या तसं लिहिणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. धाकटे म्हणत, लिही, टाकीचा नळ गळतो. त्या लिहीत, 'नळ गळतो. निदान त्याला तरी पाझर फुटतो.' खाली थोरले ते वाचून तीन-तीन दिवस उत्तर जुळवत बसत. म्हातारपणी धाकट्याला धार चढली, असं त्यांना वाटे. खरं सांगायचं तर एकोणीस वर्षांत भांडायला एवढी मजा त्यांना कधी आली नव्हती.

*

सूनबाई एका दंतवैद्याकडे नोंदणीच्या टेबलावर बसत. दिवसभर लोकांचे सुजलेले गाल बघून आणि त्यांना 'पाच मिनिटं' म्हणून त्या संध्याकाळी सहाला घरी येत. घरी आल्यावर दार लागे. ते जोरात लागे हे त्यांनाही मान्य होतं. बिजागरी ढिली होती आणि नवऱ्याला तीन वर्षं सांगून झालं होतं.

कागद जिन्यावर नेणं-आणणं लग्न झाल्यापासून त्यांच्याकडे आलं होतं. अकरा वर्षं त्या दोन मजल्यांमधल्या टपाल होत्या. वाचायचं नाही असा नियम होता, तो त्यांनी पहिल्याच महिन्यात मोडला. कोण मोडणार नाही? समासात त्यांच्या स्वयंपाकाबद्दल मजकूर येऊन गेला होता. त्यांना मूल नसण्याबद्दलही एकदा येऊन गेला होता, तांबड्यात. ते सगळं त्यांनी वाचलं, घडी घातली आणि नेमून दिलेल्या पायरीवर ठेवलं.

मग तीन महिन्यांपूर्वी वरून कागद उतरला. निळ्यात लिहिलं होतं, 'सूनबाई दार लावत नाहीत, दारावर सूड घेतात.' कागद थोरल्यांकडे गेला. कपाटात ठेवायला परत त्यांच्या हातात आला तेव्हा त्या ओळीखाली तांबड्यात एकच शब्द होता. 'मान्य.'

एकोणीस वर्षांत दोघा भावांचं एकमत झालं नव्हतं. गच्चीवर नाही, टाकीवर नाही, चाळीस हजार पाकिटांवर नाही. ते पहिल्यांदा झालं, आणि झालं ते सूनबाईंवर.

त्याच आठवड्यात बँकेचा संदेश त्यांच्या फोनवर आला. खात्याला नंबर त्यांचाच जोडलेला होता, कारण थोरले फोनला हात लावायचा तर हात धुऊन लावत. बँक विचारत होती, आपल्याला स्टेटमेंट कागदी हवं की इलेक्ट्रॉनिक? महिनाअखेरीपर्यंत निवड करावी. सूनबाई दंतवैद्याच्या टेबलाशी बसल्या होत्या, आतून यंत्राचा आवाज येत होता. त्यांनी 'इलेक्ट्रॉनिक' वर बोट ठेवलं. बँकेनं विचारलं, नक्की ना? त्यांनी बोट इतक्या जोरात दाबलं की काचेला तडा गेला, तो अजून आहे.

*

रविवारी सकाळी दहाला आक्का आली. आक्का चौतीस वर्षं टपालखात्यात छाटणीच्या टेबलाशी होती. ती चाळीस हजार पाकिटं उघडली तेव्हा टेबलापाशी तीच उभी होती, आणि त्यातली निम्मी तिनं स्वतःच्या हातानं पुन्हा चिकटवली होती. त्यामुळे दोन्ही भावांवर तिचा राग सारखाच होता, आणि म्हणून दोघांचाही तिच्यावर विश्वास होता.

वरचा खाली येईना, खालचा वर जाईना. शेवटी बैठक जिन्यातच भरली. थोरले तळाशी खुर्ची टाकून बसले. धाकटे सगळ्यात वरच्या पायरीवर, त्यांच्या मागे कमरेवर हात ठेवून काकू. स्वयंपाकघराच्या दारात सूनबाई. थोरल्यांचा मुलगा गाडी धुवायला गेला. घरात आवाज चढले की त्याची गाडी मळत असे. आक्का धापा टाकत सहा पायऱ्या चढली आणि सातवीवर बसली.

पहिला अर्धा तास जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. थोरले आक्काला सांगत, त्याला सांग की चोर आहेस. धाकटे आक्काला सांगत, त्याला सांग की चोराला सगळे चोर दिसतात. हे मधल्या सहा पायऱ्यांवरून दोघांनाही नीट ऐकू जात होतं, पण आक्कानं ते पुन्हा म्हणावं असा दोघांचा आग्रह होता. मग टाकी निघाली, गच्ची निघाली, खळ निघाली. थोरले म्हणाले, पाकीट गिळून अपचन झालं असेल म्हणूनच दोन महिने वरून आवाज नाही. धाकटे म्हणाले, पाकीट गिळायचं तर खळ तरी घट्ट लागते. आवाज इतके चढले की पलीकडच्या घरातलं बाळ जागं झालं, आणि दोन आळ्यांवरच्या वादकांनी सूर जुळवायचं थांबवलं म्हणतात.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि पिशवीतून एक फॉर्म काढून मांडीवर ठेवला. काल ती बँकेत जाऊन आली होती. तिनं थंडपणे सांगितलं की पाकीट कुणीच दडवलेलं नाही. या घरातून कुणीतरी फोनवरून कागद बंद करून घेतला, दोन्ही महिन्यांची स्टेटमेंट इलेक्ट्रॉनिक गेली आहेत. तिनं सूनबाईंकडे बघितलं नाही. चौतीस वर्षं पत्ते वाचलेल्या बाईला कुठं बघायचं नाही हे कळतं.

सूनबाई दारातून पुढे आल्या.

"मी केलं," त्या म्हणाल्या. "मुद्दाम केलं. चुकून बोट लागलं असं म्हणणार नाही."

थोरले खुर्चीतून अर्धे उठले आणि विचारलं, कुणाला विचारून.

"तुम्ही मला कुणाला विचारून समासात घातलंत, बाबा? अकरा वर्षं तुमचा कागद वाहिला. त्यात मीच असायची. माझी भाजी, माझी कूस, माझं दार. काका लिहिणार सूड घेतात, तुम्ही लिहिणार मान्य. म्हटलं बघू, कागद नसला तर तोंड उघडतात का. दोन महिने झाले. नाही उघडलं. पोस्टमनची टोपी तपासलीत."

वरून धाकट्यांचा आवाज आला, आणि या खेपेला तो आक्काकडे नव्हता.

"सूनबाई, दाराचं मी नाही लिहिलं."

थोरल्यांनी तुच्छतेनं नाकातून हवा सोडली. आक्काला म्हणाले, त्याला सांग, पेन्सिल निळी आहे, अक्षर त्याचं आहे, कागद कपाटात आहे, आणायला लावू का.

"मी सांगितलं होतं टाकीचा नळ गळतो एवढंच," धाकटे म्हणाले. मग त्यांनी मान मागे वळवली. सगळ्यांनीच वर बघितलं.

काकूंनी कमरेवरचे हात काढले नाहीत. त्या म्हणाल्या, लेखनिक ठेवला की थोडं इकडचं तिकडं होणारच, त्यात काय एवढं. आणि वाक्य चांगलं होतं.

"वाक्य चांगलं होतं?" सूनबाई म्हणाल्या.

"होतं. तुझ्याबद्दल होतं हे वाईट झालं."

धाकट्यांचा चेहरा पांढरा पडला. दीड वर्ष आपल्या नावानं काय काय खाली गेलं असेल याची त्यांना त्या क्षणी कल्पना आली. त्यांनी बायकोला शांतपणे, फार शांतपणे सांगितलं की यापुढे माझ्या कागदाला, माझ्या पेन्सिलीला आणि माझ्या हाताला हात लावायचा नाही. तळाशी थोरले वेगळ्याच संतापानं खुर्चीतून पुरते उठले. म्हणजे दीड वर्ष ज्याच्याशी झुंजलो, ज्याच्या एकेका ओळीसाठी रात्रंदिवस उत्तरं घासली, तो भाऊ नव्हताच. भावजय होती. आणि ती जिंकत होती.

"लिहायला काय झालं होतं त्याला?" त्यांनी आक्काला विचारलं.

"मनगट दुखतं," धाकटे घाईनं म्हणाले.

काकू बोलायला तोंड उघडणार, तर धाकट्यांनी त्यांच्याकडे अशा रोखानं मान केली की त्यांनी ते गिळलं. पण त्यांच्याकडे गिळायला जागा एकाच गोष्टीपुरती होती. दुसरी बाहेर पडली.

"भांडा," त्या म्हणाल्या. "पोटभर भांडून घ्या. गुरुवारी गाडी येतेय. आम्ही लेकीकडे चाललो, कायमचे. मग कागद मागवा नाहीतर फोन मागवा, दार आपटा नाहीतर छत पाडा. वर कुणी नसेल ऐकायला."

एवढं बोलून त्या आत गेल्या, आणि वरचं दार त्यांनी असं लावलं की सूनबाईंनी भुवया उंचावल्या.

थोरले उभेच होते. कायमचे, हा शब्द त्यांना जिना उतरून यायला थोडा वेळ लागला. आधी राग आला, मग त्याच्याखालून आणखी राग आला. त्यांनी आक्काला सांगितलं, जायचं तर जा म्हणावं. आणि असं असेल तर फॉर्मची गरज काय, फाडून टाक. एकट्या माणसाला समास कशाला लागतो. त्यालाही बघू दे फोनवर, तिकडे लेक दाखवेल.

"मला कागद हवा," धाकटे वरून म्हणाले.

"त्याला विचार कशाला."

"सांगणार नाही. हवा."

आक्कानं पेन काढलं. बंद करायला एक बोट पुरलं होतं, परत सुरू करायला बँकेला तिघांच्या सह्या हव्या होत्या, एकाच फॉर्मवर. तिनं आपली सही केली, फॉर्म सातव्या पायरीवर ठेवला आणि एक पायरी वर सरकून बसली. थोरले नको म्हणत म्हणत सहा पायऱ्या चढले, सही केली, आणि तिथेच थांबले. या घरात आता कुणाच्या सहीचा भरवसा राहिला नव्हता, डोळ्यांदेखत झालेली बरी. धाकटे कठड्याला धरून उतरले. सातव्या पायरीवर दोघे भाऊ गुडघ्याला गुडघा लागेल एवढे जवळ आले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. त्यातल्या एकाला ते जमणारही नव्हतं.

धाकट्यांनी पेन घेतलं. एरवी अशा वेळी काकू त्यांचं बोट रेघेवर नेऊन ठेवत. आज काकू दारापलीकडे होत्या. त्यांनी मान एका बाजूला कलती केली, चिमणी दाण्याकडे बघते तशी, आणि सही केली. ती रेघेवर आली नाही. बँकेच्या छापील नावावरून तिरकी गेली, थोरल्यांच्या सहीला आडवी कापत फॉर्मच्या बाहेर पडली आणि तिचं शेवटचं वळण पायरीच्या लाकडावर उमटलं.

थोरल्यांना वाटलं, चेष्टा करतोय. मुद्दाम माझी सही खोडतोय. एकोणीस वर्षांचं जे काही घशाशी साठलं होतं ते एकदम वर आलं, आणि मधे आक्का आहे हेही ते विसरले.

"डोळे फुटले का रे तुझे?"

"हो," धाकटे म्हणाले.

बाहेर गाडी धुण्याचा नळ चालू होता, तेवढा ऐकू येत राहिला.

"केव्हापासून?"

"दीड वर्ष होईल."

"दीड वर्षात सोळा कागद वर आले. एकदा तरी लिहायचंस."

"सोळाही वेळा तू टाकीचंच लिहिलंस. त्यात कुठे घुसवू माझे डोळे?"

थोरल्यांनी फॉर्म उचलला, पुन्हा ठेवला. त्यांचा आवाज उतरला नव्हता, पण तो आता नेमका कुणावर चढवायचा हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, दिसत नाही तर मग कागद हवा कशाला, काय लोणचं घालायचंय का कागदाचं.

धाकटे पायरीवर उमटलेली शाई अंगठ्यानं चाचपडत होते.

"तू पेन्सिल दाबतोस," ते म्हणाले. "कागद उलटा केला की मागून बोटाला लागतं. काय लिहिलंयस ते कळत नाही. किती रागावलायस तेवढं कळतं. फोनवर ते येत नाही."

आक्का कठड्याकडे तोंड करून बसली होती. सूनबाई जिन्याच्या तळाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्या हातात दुसरा, बिनसह्यांचा फॉर्म होता. आक्कानं बँकेतून दोन आणले होते आणि एक खालीच ठेवला होता. हे दोघे एकात भागवणार नाहीत हे तिला आधीच माहीत असावं. सूनबाईंनी तो वर आणून सातव्या पायरीवर ठेवला, अकरा वर्षं ठेवत आल्या तसाच, आणि म्हणाल्या, यापुढे मी काही नेणार-आणणार नाही. जे काय असेल ते आपापल्या पायांनी घेऊन जा.

आक्कानं पुन्हा सही केली. थोरल्यांनी केली. मग त्यांनी धाकट्यांचं मनगट धरलं, नको इतकं घट्ट, आणि पेनाचं टोक रेघेवर टेकवलं.

"खाली जातोयस. वर घे. हां. आता कर."

सही झाली. पत्त्याच्या रकान्यात आक्कानं घरातून निघतानाच 'तळमजला' लिहून ठेवलं होतं. थोरल्यांनी ते खोडलं आणि त्यावर 'वरचा मजला' असं लिहिलं. इतकं दाबून लिहिलं की धाकट्यांनी कागद उलटा करून त्यावरून बोट फिरवलं आणि त्यांना काहीतरी बदललंय एवढं समजलं.

"काय लिहिलंस?"

"पाकीट वर येईल," थोरले म्हणाले. "वाचून दाखवायला मी येईन. पाच तारखेला. आणि मी वाचत असताना मधे बोलायचं नाही."

"मोठ्यानं वाच. आणि खळ पातळ होती."

"जीभ अरुंद होती."

वरचं दार किलकिलं झालं. काकूंनी फटीतून विचारलं की गुरुवारच्या गाडीचं काय करायचं, ड्रायव्हरला काय सांगू.

धाकटे कान लावून होते. थोरले पायरीवरून उठले, त्यांचे गुडघे वाजले, आणि पावलं खाली न जाता त्यांच्या शेजारून वर गेली. आठवी, नववी.

"लेकीला कळव," धाकटे म्हणाले, "पाच तारखेला स्टेटमेंट येतंय."

थोरले अकराव्या पायरीवर थांबले होते. तिथून त्यांनी चिडून विचारलं की ती टाकी नेमकी गळते कुठे, दाखव एकदाची.

"दाखवता येणार नाही," धाकटे कठडा धरत उठले. "ऐकवतो. चल."